नासधुशीचा हजेरीपट

आमच्या इंग्रजीच्या सरांसमोर कोणी "वाट लागली" असं म्हटलं की सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "काय उरला?" समोरच्याची एसटी चुकलेली असो, आंब्याचा मोहर जळलेला असो, नाहीतर भावाभावांत वाटणीवरून डोकी फुटलेली असोत, प्रश्न तोच. उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. एकदा आमच्या शिपायाने वैतागून सांगितलं, "सर, सायकल पूर्ण गेली." सरांनी त्याला भर पावसात सायकलपाशी नेलं आणि घंटीपासून स्टँडपर्यंत एकेक भाग दाखवत विचारलं, ह्यां गेला? ह्यां गेला? गेलं होतं ते फक्त मागचं चाक. शिपाई पुढे आठवडाभर सरांना टाळून चालायचा.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. कट्टा या बाजाराच्या गावाअलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत आमची शाळा होती. चिऱ्याच्या भिंतींचे सात वर्ग, पुढे मैदान, मागे फणस. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने काढलेली. इंग्रजीचं आणि माझं कधीच जमलं नाही. कागदावर इंग्रजी दिसलं की माझे हात आपोआप तो कागद सरांकडे सरकवायचे. साऱ्या गावाचं तसंच होतं. बँकेचं पत्र, विम्याचा अर्ज, बोटीवर असलेल्या मुलाच्या कंपनीचा ईमेल, सगळं सरांच्या पडवीत जायचं. गावात कुठेही इंग्रजीची ओळ दिसली तर ती सरांच्याच हातची, हे डोळे मिटून सांगावं.

तर अशा माणसाचं एक वेड होतं. इंग्रजीत नासधूस दाखवणारे जितके शब्द आहेत तितके त्यांनी एका न वापरलेल्या हजेरीपटात मुलांच्या नावांच्या जागी लिहून ठेवले होते. डॅमेज, हॅवक, रॅव्हेज, रेक, रुइन, डिव्हास्टेशन, कॅटॅस्ट्रॉफी, असं करत करत शेवटी ऍनायहिलेशन. पुढे तारखांचे रकाने. ज्या दिवशी कोणी एखादा शब्द बरोबर जागी वापरला, मग तो पेपरवाला असो, नववीतलं पोर असो की टीव्हीवरची बाई, त्या दिवशी त्या शब्दाची हजेरी लागायची. डॅमेज जवळजवळ रोज हजर. हॅवक माडांवर माकडांची टोळी आली की हजर. रुइन मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याच्या कृपेने महिन्यातून एकदा तरी. ऍनायहिलेशन मात्र कायमचं गैरहजर. मी एकदा म्हटलं, "सर, तेचा नाव काढून टाका. पोरगो शाळेक येणाच नाय." सर गंभीरपणे म्हणाले, "नाव काढूचा नाय. तो येवक नाय, हीच देवाची कृपा."

ह्या सगळ्यामागे त्यांचं एक साधं गणित होतं आणि ते मला गणितवाल्यालाही पटायचं. शब्द नुकसानीच्या आकारावर निवडायचा नाही, मागे काय राहिलं त्यावर निवडायचा. सगळं जागेवर आहे, पण दुखावलंय, ते डॅमेज. सगळं आहे, पण जागेवर काही नाही, ते हॅवक. वाळवीने वासा खाल्ला तसं हळूहळू, कणाकणाने खाल्लं गेलं, ते रॅव्हेज. काय होतं ते अजून ओळखता येतं, ते रुइन. जागा आहे आणि तिच्यावर काहीही नाही, ते डिव्हास्टेशन. आणि जागाच नाही, आठवण सांगणाराही नाही, ते शेवटचं. फळा पुसला म्हणजे ऍनायहिलेशन झालं का, असं ते मुलांना विचारायचे, आणि मग फळ्यावरून हात फिरवून पांढरी बोटं दाखवायचे. मोठा शब्द म्हणजे घरातला मोठा टोप, असं त्यांचं मत होतं. लग्नकार्याला काढायचा. रोज चहा करायला घेतला तर कार्याच्या दिवशी त्याला भोक पडलेलं असतं.

आता हे सांगताना मला थोडं हसू येतं, पण त्या वेळी यायचं नाही. वैताग यायचा. मी स्वभावाने वादाला कंटाळणारा माणूस. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणावं, "आज भयंकर उकडता," आणि सरांनी विचारावं, "भयंकर? कोण मेलो?" त्यांच्यासमोर आमटी बिघडली असंही म्हणायची चोरी. त्यांच्या तोंडून "आमटी बरी आसा" ही सगळ्यात मोठी स्तुती. दाढ ठणकत असताना गाल धरून वर्गावर आले आणि विचारलं तर म्हणाले, "दात दुखता. एक."

शिकवण्याची रीत मात्र न्यारी. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात ते सगळ्यांना माहीत आहे. एक जाणता माणूस गावाचं सुखदुःख मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. सरांनी ते गाऱ्हाणं उचलून वर्गात आणलं. परीक्षेचे पेपर तपासून झाले की टेबलावर डस्टर उभा करायचा, त्याच्यासमोर हात जोडायचे आणि सुरुवात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या नववीच्या वर्गान तुका हाक मारल्यान आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांनी निबंधात एका पावसान गावाचा ऍनायहिलेशन केल्यानी. गाव तर हयसरच आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"माकडां येतत, नारळ पाडतत, कौलां फोडतत, पण घर उभा ऱ्हवता, तेका हॅवक म्हणतत. ही बुद्धी ह्या लेकरांका दी, आणि मार्कांचो डॅमेज तेवढ्यावरच भागव!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा होकार इतका जोरात व्हायचा की शेजारच्या वर्गात माझे भूमितीचे कोन हलायचे. त्या वेळच्या हेडमास्तरांनी एकदा सरांना बोलावून सांगितलं, देवाची थट्टा बरी नाही. सर म्हणाले, "देव थोडा इंग्रजी शिकलो तर वायट काय?" पोरांना मात्र ते शब्द कायमचे पाठ झाले. आज चाळिशीला आलेले बागायतदार माझ्यासमोर डॅमेज आणि रुइन यांतला फरक सांगतात.

एकदा सर एक अख्खा वर्ग चालवत चिरेखाणीवर घेऊन गेले. तिथे पूर्वी टेकडी होती, आता चौकोनी लाल खड्डा, तळाशी गढूळ पाणी. मुलांना काठावर उभं करून म्हणाले, "ह्यां डिव्हास्टेशन. नीट बघून घेवा. हयसर करवंदां होती." एवढंच. धडा संपला. दुसऱ्या दिवशी खाणमालकाचा माणूस शाळेत येऊन आमच्यावर डाफरून गेला.

टीव्हीशीही ते भांडायचे. कट्ट्याच्या हॉटेलात बातम्या लागलेल्या असत. वारा सुटला की एखादी बातमीदार मुलगी किनाऱ्यावर उभी राहून ओरडायची, महाविनाश, हाहाकार. सर चहाची बशी हातात धरून तिला म्हणायचे, "बाये, तुझ्या मागचो माड उभो आसा गो." पेपरात कुठे आलं की ह्या वर्षी हापूस डेसिमेट झाला, तर पेपर घेऊन माझ्याकडे. त्या शब्दाचा जुना अर्थ दहांतला एक मारणे, असा त्यांचा हट्ट. "दहांतलो एक गेलो तर उरलेले नऊ हिस्से आंबे खंय आसत? माका एक पेटी तरी दाखव." मी म्हणायचो, सर, आता लोक सरसकट वापरतात. ते म्हणायचे, "लोक सरसकट वापरतत, म्हणान तर खरा झाला त्या दिवशी लोकांकडे शब्द नसता."

सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. मुलं नव्हती. मुंबई-पुण्याच्या जुन्या विद्यार्थ्यांचे मोबाइलवर निरोप आले, सगळे इंग्रजीत, आणि जवळजवळ प्रत्येकात तो एक शब्द, आम्ही डिव्हास्टेटेड आहोत, तुम्हीही असाल. सरांनी प्रत्येकाला एकेका बोटाने टाइप करून उत्तर पाठवलं, "थँक्यू. मी उभा आहे." मला ते कोरडं वाटलं. मी म्हटलं, "सर, पोरांनी मायेन लिवल्यानी."

"माया कळता रे. पण तो शब्द गावाक लावतत, रानाक लावतत. जंय कोण ऱ्हवूक नाय, थंय. ह्या घरात मी आसंय."

"मगे तुमका खयचो शब्द लावूचो?"

"डॅमेज लाव," ते म्हणाले. "दुरुस्त होतला, नाय होतला, बघूया." त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्या माणसाबद्दल माया वाटली. त्याआधी नुसता आदर होता, आणि आदराचा कधी कधी कंटाळा येतो.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात एक म्हातारी त्यांच्याकडे आली. मुलगा बोटीवर, ती घरात एकटी. वादळी वाऱ्यात घराचं नुकसान झालं होतं आणि तिला मुलाच्या कंपनीला पत्र लिहून हवं होतं, म्हणजे ते त्याला सुट्टी देऊन घरी पाठवतील. "सगळा गेला म्हणान लिवा, सर. माका माझ्या झिलाक घराक हाडूचो आसा." सर उठले आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. मी योगायोगाने तिथेच होतो म्हणून मागोमाग गेलो.

"घर?"

"आसा."

"गोठो?"

"मोडलो. दोन माड पडले तेच्यार."

"गाय?"

"ती काय, चरता थंय."

म्हातारी चिडली होती. तिला वाटलं हा माणूस आपलं काम बिघडवणार. मलाही तेच वाटलं. सरांनी पत्रात लिहिलं की गोठा मोडला आहे, घर शाबूत आहे, गाय जिवंत आहे, आणि म्हातारी एकटी असून वाऱ्याचा आवाज आला की तिला झोप लागत नाही. मुलगा दोन महिन्यांनी आला. करार तसाही संपत आला होता, त्यामुळे पत्राने काम झालं की काय झालं हे कोणीच सांगू शकत नाही. म्हातारी मात्र सरांकडे वालीच्या शेंगा घेऊन आली.

मग ते मे महिन्यातलं वादळ आलं. त्याचं नाव सगळ्यांना आठवतं, मला ते लिहायचा कंटाळा आहे. तोवर मी शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक झालो होतो. दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. पट साठाच्या आसपास आलेला, दरवर्षी खाली जाणारा. गावातली तरुण माणसं मुंबईला, त्यांची पोरंही तिकडेच. उरलेली मुलं बहुतेक डोंगराकडच्या वरच्या वाडीतली, पायी येणारी. वादळ ओसरल्यावर शाळेत जाऊन बघितलं तर दोन वर्गांचे पत्रे मैदानात, बाकं भिजलेली, फणस प्रयोगशाळेच्या पडवीवर आडवा. मी पायरीवर बसून राहिलो. शाळा सुरू व्हायला जेमतेम महिना होता.

मुंबईहून मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. एक कंपनी वादळात सापडलेल्या शाळांना मदत करणार आहे, इंग्रजीत अहवाल पाठवा. "जोरदार लिहा मास्तर. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी अर्थातच सरांकडे गेलो.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आले आणि दुपारपर्यंत मला फिरवत राहिले. वर्गावर्गात तेच.

"पत्रे?"

"गेले."

"भिंती?"

"आसत."

"फळो?"

"आसा, सर. फळो आसा, खिडकी आसा, खुंटी आसा. आता लिवा आणि माका सोडवा."

"तू रागावलंस तरी चलात. पण बघल्याशिवाय लिवचंय नाय."

संध्याकाळी त्यांनी एक पान हातात दिलं. वर चार ओळींत काय गेलं ते, आणि खाली मोठा परिच्छेद, काय उरलं त्याचा. पाच वर्ग सुरक्षित आहेत, विहिरीचं पाणी स्वच्छ आहे, नकाशे आणि पुस्तकं कोरडी आहेत, मुलं पंधरा जूनला येतील, म्हणून दोन वर्गांचे पत्रे त्याआधी हवेत. मी सरांकडून ते वाक्यावाक्याने समजून घेतलं आणि माझा धीर खचला. हे वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार?

ते पान घेऊन मी कट्ट्याला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. टाइप होत असताना चिटणीसांचा पुन्हा फोन, आजच पाठवा, इतर शाळांचे अहवाल पोचलेत, एकेकाने काय काय लिहिलंय. माझ्यासमोर सरांचं पान, निळ्या शाईतलं, शांत. मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या हजेरीपटातले शब्द इतकी वर्षं ऐकून तोंडपाठ होते, आणि त्यांतला सगळ्यात मोठा कोणता हेही माहीत होतं. मी दुकानातल्या मुलाला सांगितलं, पहिल्या वाक्यातलं डॅमेज काढ आणि तिथे ऍनायहिलेशनवालं घाल. त्याने वाक्य जुळवून दिलं, आमची शाळा ऍनायहिलेट झाली आहे. मग खालचा परिच्छेद त्याच्याशी जुळेना. मी म्हटलं, तो पूर्ण काढ. खाली सही केली आणि पाठवून दिलं. एसटीत बसलो तेव्हा मला खरोखर हलकं वाटत होतं. शाळेसाठी आपण काहीतरी केलं, असं.

कंपनीचं उत्तर आठवडाभरात आलं. त्यांची योजना दुरुस्तीची होती. जिथे काहीच उरलं नाही तिथे दुरुस्ती कशाची करणार, म्हणून त्यांनी सहानुभूती कळवली. आणि मंडळाने त्याच अहवालाची एक प्रत शिक्षण खात्यातही देऊन ठेवली होती. तिकडून आदेश आला. इमारत अस्तित्वात नसल्याने मुलांना कट्ट्याच्या शाळेत बसवावं, शिक्षकांनाही तिकडेच घ्यावं, पुढील आदेशापर्यंत. मी पळापळ केली, अर्ज दिले. जुलैमध्ये एक साहेब पाहणीला आले. पाच वर्ग उभे बघून चक्रावले, आणि जमलेल्या लोकांसमोर, त्यांत सरही होते, फाइल उघडून म्हणाले, "अहो, काहीही उरलेलं नाही, असं तुमच्याच शाळेने लिहून दिलंय." आता पट एवढा कमी, तिकडे मुलं बसलीसुद्धा, पुन्हा उघडायचं म्हणजे कठीण. त्यांची चूक मी म्हणणार नाही. त्यांनी जे वाचलं त्यावर विश्वास ठेवला.

वरच्या वाडीतल्या मुलांना आता डोंगर उतरून रस्त्यापर्यंत चालायचं, मग एसटी. एसटी चुकली की दिवस गेला. पावसात वाटेतल्या व्हाळाला पाणी आलं की आठवडा गेला. दोन मुली घरीच बसल्या.

लोकांनी देवळात सभा बोलावली. सभामंडप भरला होता. सर एका खांबाला टेकून बसले होते, मी पुढे, हेडमास्तर म्हणून. घरी बसलेल्या एका मुलीचा बाप उठला. तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तो इंग्रजी कागद कोणी लिवल्यान?"

माझ्या शर्टाच्या खिशात सरांचं निळ्या शाईतलं पान होतं. ते मी मुद्दाम घेऊन गेलो होतो, आज सगळं सांगून टाकायचं म्हणून. मी खिशाकडे हात नेला. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला.

"मिया लिवलंय."

सगळे वळले. सर उठून उभे राहिले होते.

"तुमी, सर?" तो बाप म्हणाला. "पाच वर्ग उभे आसत, आणि तुमी लिवलात कायेक उरूक नाय म्हणान?"

"व्हय. चुकला माझा. हेडमास्तरांनी माझ्यावर भरवसो ठेवन सही केल्यानी. तेंका कोण कायेक बोला नकात."

"तुमच्याच हाताखाली शिकलंय मिया," तो म्हणाला. आणि चप्पल घालून निघून गेला. कोणीतरी कुजबुजलं, म्हातारपणी डोकं चालत नाही. कोणीतरी म्हणालं, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. सर उभे राहून ऐकत होते. आणि मी बसून राहिलो. खिशात कागद, आणि मी बसून राहिलो. नोकरीची आठ वर्षं राहिली होती, मुलीचं शिक्षण चालू होतं, अशी कारणं मी तेव्हा मनाला सांगितली आणि नंतरही बरीच सांगितली. खरं एवढंच की मला भीती वाटली आणि सरांनी पुढे केलेला हात मी धरला.

सभा संपल्यावर मी त्यांच्या मागून चालत गेलो. पाणंदीत गाठलं. "सर, कित्याक सांगितलात असा?"

"तू अजून आठ वर्सां पोरांसमोर उभो ऱ्हवतलस. मास्तर खोटो आसा म्हटल्यार पोरां गणित तरी खरा मानतीत? माझ्यासमोर आता कोण बसता?"

"मी उद्या सांगतंय सगळ्यांका."

"सांगून शाळा येतली?"

त्यांनीच उत्तर दिलं.

"नाय येवची. मगे ऱ्हवांदे." थोडं चालल्यावर ते थांबले. रागावले नव्हते, दमले होते. "शब्द बदललंस तां माका समाजता. माणूस घाबरता. पण खालचो परिच्छेद कित्याक काढलंस? तां सगळा उभा होता रे."



सर अजून आहेत. पडवीत बसतात. त्यांच्याकडे आता कागद घेऊन कोणी जात नाही, कट्ट्याला दुकानात अर्ज लिहून मिळतात, झटपट, जोरदार. वरच्या वाडीचे लोक त्यांना रस्त्यात बघून वाट बदलतात. मी सुरुवातीला दर रविवारी जायचो, मग महिन्याने, आता सणाला. ते काही विचारत नाहीत. चहा देतात, बरा होतो. परतताना मी असा थकलेला असतो की घरी येऊन कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

कट्ट्याच्या शाळेत मी आठवीला गणित शिकवतो. आमच्या गावची थोडी मुलं त्या वर्गात आहेत, एकमेकांना धरून मागच्या बाकांवर बसतात. परवा व्याजाची उदाहरणं चालली होती. आमच्या गावच्या एका मुलीने हात वर केला. मला वाटलं काही अडलं असेल. ती उभी राहिली.

"सर, एक विचारू? आमच्या शाळेचा वाटोळा त्या म्हाताऱ्या इंग्रजीच्या सरांनी केल्यानी. ता खरा मा? आमचे पप्पा सांगतत."

मागच्या बाकांवरची ती सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी जे सांगेन ते खरं धरायला तयार.

"पुस्तकं उघडा," मी म्हटलं.

सगळ्यांनी उघडली.